पथ्याचा कागद

मावशी : …आणि असा दारात पाय अडकवून उभ्या राहू नका, ताई. दार लागलं, बोटं चेंगरली, तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं.

ताई : पाच मिनिटं द्या, मावशी. पाचच.

मावशी : त्या दिवशी मला किती मिनिटं दिली होतीत?

ताई : एकही नाही.

मावशी : पिशवी भरायला दिली होतीत. खोटं कशाला बोला. मी भरत होते आणि तुम्ही उंबऱ्यात उभ्या, ही काही उचलून तर नेत नाही ना, हे बघत.

ताई : हो. होते उभी.

मावशी : बावीस वर्षं आजारी माणसांचं करते मी. नऊ जणांनी शेवटचा घोट माझ्या हातून घेतला. आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं, ‘हात पुढे करा, नखं दाखवा.’ शाळेत बाई बघायच्या, तशी नखं बघितलीत माझी. सून आली, नात झाली, त्या बाईची!

ताई : अण्णांच्या दंडावर डाग होते. चार. एकाखाली एक, बोटं रुतावीत तसे. पोटरीवर तर तळहाताएवढा, काळाजांभळा. मी दोन महिन्यांनी घरी आले, आंघोळीसाठी त्यांचा सदरा काढला आणि…

मावशी : मला सांगताय? रोज मीच पुसत होते ते अंग.

ताई : विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासते मी. एकोणीस वर्षं जखमांचे फोटो बघते. कुठली पडल्याची, कुठली मारल्याची, कुठली मुद्दाम करून घेतलेली. मला वाटलं, मला कळतं.

मावशी : कळलं ना मग. मला कामं देणाऱ्या ब्युरोत फोटोंसकट तक्रार दिलीत. ब्युरोच्या बाईंनी यादीतून माझं नाव काढलं. मिटलं. आता काय राहिलंय? खाली पोलीस आणलेत?

ताई : खाली अण्णा आहेत. टॅक्सीत.

मावशी : काय? अहो, ऐंशीला टेकलेले तुमचे वडील, धड अर्धा तास बसवत नाही त्यांना!

ताई : बसवतंय आता. मावशी, ते डाग तुमचे नव्हते. कुणाचेच नव्हते.

मावशी : म्हणजे?

ताई : तुम्ही गेलात, त्याच्या चौथ्या दिवशी मांडीवर नवा डाग उठला. घरात मी आणि अण्णा. तिसरं माणूस नाही. त्यांना नीट पांघरूण घातलं आणि मोरीत जाऊन मी माझे स्वतःचे हात बघितले.

मावशी : …आत या. चपला राहू द्यात पायात. हळू बोला, नात आत्ताच झोपलीय. सूनबाई, दार लोटून घे गं तिकडचं.

ताई : दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वय झालंय, कातडी पातळ झालीय, हे मलम लावा. मला पटेना. मग शेजारच्यांनी एक डॉक्टरीणबाई सुचवल्या. त्याही चांगल्या सत्तरीच्या. त्यांनी डागांकडे बघितलंच नाही आधी. अण्णांना म्हणाल्या, तोंड उघडा.

मावशी : हिरड्या बघितल्या असतील. रक्त यायचं त्यातून. म्हणून तर मी लहान मुलांचा मऊ ब्रश आणला होता.

ताई : हिरड्या बघितल्या. मग भिंग घेऊन पायावरचे केस बघितले. मळसूत्रासारखे पिळलेले होते. आणि मला विचारलं, ‘हे खातात काय?’ मी म्हटलं, पथ्याचं. ‘पथ्याचं म्हणजे काय ते सांगा.’ मी सांगायला लागले. दूध, पाव, मऊ भात, डाळीचं पाणी, उकडलेलं अंडं, चहा-बिस्किट. ‘फळ?’ नाही. ‘भाजी?’ नाही. ‘लिंबू? टोमॅटो?’ नाही. ‘बटाटासुद्धा नाही?’ नाही. ‘किती दिवस?’ मी बोटांवर मोजलं.

मावशी : आठ महिने. दाढा काढल्या तेव्हापासून.

ताई : आठ महिने. स्कर्व्ही म्हणतात त्याला. अंगात सी व्हिटॅमिन औषधालाही उरलं नव्हतं. ते नसलं की रक्तवाहिन्या कच्च्या होतात. नुसतं टेकलं, नुसतं धरलं, तरी आतल्या आत रक्त साकळतं. पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर असायचे ना खलाशी, त्यांना व्हायचं.

मावशी : खलाशांना! अण्णांनी तर जन्मात बादलीपलीकडे पाणी बघितलं नाही.

ताई : मीही हेच म्हटलं. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांत अजून दिसतं. दात नसतात, भूक नसते, करून घालायला कोणी नसतं, चहा-बिस्किटांवर दिवस निघतो. पोट भरतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. बी बारा आणि डीसुद्धा कमी निघालं. तपासणीला रक्त घेतलं, पण गोळ्या त्यांनी त्याच दिवशी सुरू केल्या. काल रिपोर्ट आला.

मावशी : थांबा. थांबा जरा. मी त्यांना पलंगावरून उठवताना असं धरायचे. एक हात काखेखाली, एक इथं, दंडाला.

ताई : बरोबरच धरत होतात. मीही तसंच धरलं. मलाही डाग पडला.

मावशी : म्हणजे माझा हात जड नव्हता?

ताई : नव्हता.

मावशी : ताई, नीट सांगा. आलाच आहात म्हणून माझी समजूत काढू नका.

ताई : नव्हता, मावशी. हा बघा रिपोर्ट. डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम विचारलं, कोणी जोरात धरलं असेल का? त्या म्हणाल्या, या माणसाला फुलाचा हार घातला असता तरी मानेवर वळ उठला असता.

मावशी : …पाणी पिते जरा.

ताई : मी आणते.

मावशी : बसा. घर माझं आहे… बारा दिवस झाले, ताई. बारा दिवस मी नातीला उचललं नाही. दोन वर्षांची पोर. हात वर करून ‘आजी, वल, वल’ करते. तिला ‘वर’ म्हणता येत नाही अजून. आणि मी म्हणते, माझी कंबर दुखते. कंबर कसली दुखतेय! तुम्ही बोललात तेव्हा नुसता संताप झाला होता. घरी आले, संताप उतरला, आणि मग डोक्यात किडा शिरला. डाग तर होते. घरात मी एकटी. दुसरं कोण? म्हटलं, वय झालं की हाताचा अंदाज सुटतो म्हणतात. आपल्याला वाटतं हळूच धरलं, आणि समोरच्याचं हाड मोडायची वेळ. सूनबाई म्हणायची, पोरीला आंघोळ घाला. मी आपली भांडी घासायला बसायची. घासलेलीच पुन्हा घासायची.

ताई : घरात सांगितलंत कोणाला?

मावशी : काय सांगू? राग सांगता येतो. सगळ्या आळीला सांगितला मी राग. हे कसं सांगणार?

ताई : मला याची कल्पना नव्हती, मावशी.

मावशी : तुम्हाला कुठून असणार. मलाच माझी नव्हती… हुश्श. राहू द्या तो रिपोर्ट इथंच थोडा वेळ. मला इंग्रजी वाचता नाही यायचं, पण राहू द्या.

ताई : अजून एक आहे. ते बोलल्याशिवाय मला खाली जाता येणार नाही. दाताच्या डॉक्टरांची मूळ चिठ्ठी सापडली.

मावशी : कुठं?

ताई : अण्णांच्या फायलीत. क्रमांक घालून लावलेली. तिच्यावर लिहिलंय, ‘टाके सुटेपर्यंत, पंधरा दिवस.’

मावशी : पंधरा दिवस? स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कागदावर तर असलं काही नव्हतं.

ताई : नव्हतं. चिठ्ठीवरचं अक्षर बारीक होतं, अण्णांना दिसेना. म्हणून मी मोठ्या अक्षरांत उतरवून भिंतीवर लावलं. आंबट नाही, फळ नाही, भाजी नाही, कच्चं काही नाही. खाली लाल पेनानं ‘काटेकोर पाळावे’, त्याच्याखाली दोन रेघा. माझी गाडी सुटायला तासच होता. पंधरा दिवस लिहायचं राहून गेलं.

मावशी : मी तुम्हाला फोन केला होता.

ताई : आठवतंय.

मावशी : माझ्या पिशवीत नातीसाठी घेतलेली संत्री होती. अण्णा सारखे त्या पिशवीकडे बघत होते. म्हटलं, एक फोड देऊ का? तर म्हणाले, ‘वरून परवानगी आणा.’ वरून म्हणजे तुमच्याकडून. मी लावला फोन. तुम्ही म्हणालात…

ताई : ‘कागदावर काय लिहिलंय?’

मावशी : आणि ठेवलात.

ताई : मीटिंगमध्ये होते. हे कारण नाही, मला माहीत आहे.

मावशी : ती संत्री मग नातीनंच खाल्ली. माझंही चुकलंच, ताई. बावीस वर्षं काढली या कामात. दाढेचं पथ्य कुणी आठ महिने ठेवत नाही, हे मला कळत होतं. पण कागद भिंतीवर, अक्षर तुमचं, खाली लाल रेघा. कागदाशी कोण भांडणार?

ताई : तुमची काही चूक नाही यात.

मावशी : थोडी आहे. माझी मला राहू द्या.

ताई : सकाळी ब्युरोत जाऊन आले. तक्रार मागे नाही घेतली मी.

मावशी : नाही घेतलीत?

ताई : मागे घेतली की लोकांना वाटतं, आपसात मिटवलं. डाग राहतोच. आमच्याकडे रोज बघते मी. म्हणून नवा कागद दिला. तक्रार खोटी ठरली, चूक सर्वस्वी माझी, सोबत डॉक्टरांचा रिपोर्ट, खाली माझी सही. ब्युरोच्या बाईंनी पूर्ण वाचला, शिक्का मारला आणि माझ्यासमोर तुमचं नाव यादीत पुन्हा घातलं. ही त्याची प्रत तुमच्यासाठी.

मावशी : सोमवारपासून लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायचं कबूल केलंय मी. म्हटलं, चादर बरी. उचलली तरी काळीनिळी पडत नाही.

ताई : तुम्ही परत या, असं म्हणायला मी आले नाही. यावं असं फार वाटतं. पण ते म्हणायला मला तोंड नाही. फक्त सांगायला आले.

मावशी : सांगायला आलात ते बरं केलंत. पण अण्णांना कशाला उन्हात घेऊन आलात?

ताई : मी नाही आणलं, तेच आले. सकाळी उठून बघते तर बूट घालून दाराशी खुर्चीत बसलेले. म्हणाले, मला साक्ष फिरवायची आहे.

मावशी : घ्या! कोर्टातून कारकून बाहेर आला, पण कारकुनातून कोर्ट काही बाहेर येत नाही.

ताई : तीन जिने चढायला मात्र डॉक्टरीणबाईंनी अजून मनाई केलीय.

मावशी : मला उतरायला कुणी मनाई केलीय? सूनबाई, पोरीकडे लक्ष ठेव गं. आणि उठली तर तिला सांग, आजी येतेच आहे, आल्याबरोबर घेते.

(दोघी जिने उतरून खाली येतात. टॅक्सीचं मागचं दार उघडं आहे.)

अण्णा : या, मावशी, या. आत बसा. मी पलीकडे सरकतो.

मावशी : सरकू नका. आधी तोंड उघडा.

अण्णा : ही काय पद्धत झाली? अजून कामकाज सुरूही… आऽ.

मावशी : अगंबाई! गुलाबी झाल्या की हिरड्या. रक्त?

अण्णा : चार दिवसांपासून बंद. आणि पायात जी कळ यायची, रात्ररात्र डोळा लागू द्यायची नाही, ती तिसऱ्या दिवशी गेली. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, इतक्या झटपट निकाल आमच्याकडे एकदाही लागला नाही.

मावशी : आवाजही सुटलाय. दोन महिने नुसतं हं आणि हूं चाललं होतं.

अण्णा : वर्तमानपत्रही वाचतो आता, अग्रलेखासकट. बरं, मुद्द्यावर येतो. मावशी, मला माझा जबाब दुरुस्त करायचा आहे.

ताई : अण्णा, आधी थोडं पाणी घ्या.

अण्णा : तू मध्ये बोलू नकोस. तुझं वर बोलून झालंय. मावशी, त्या दिवशी हिनं तुमच्यादेखत मला विचारलं, ‘या तुम्हाला मारतात का?’ मी काय उत्तर दिलं?

मावशी : ‘आठवत नाही.’

अण्णा : ‘आठवत नाही.’ चौतीस वर्षं हे दोन शब्द मी साक्षीदारांच्या तोंडून उतरवून घेतले. आणि दर वेळी मनात म्हटलं, लबाड आहे लेकाचा. त्या दिवशी माझ्याच तोंडून ते निघाले तेव्हा समजलं, सगळेच काही लबाड नसतात. काही घाबरलेले असतात.

मावशी : कोणाला घाबरलात? मला?

अण्णा : तुम्हाला काय घाबरायचंय! डाग माझ्या अंगावर आणि ते आले कुठून, हे मलाच सांगता येईना. उठायचो आणि कशाला उठलो ते विसरायचो. अंगात त्राण नाही, कशात मन नाही. मला वाटलं, संपलं, डोकं गेलं. मी कुठंतरी आपटत असणार आणि माझ्या लक्षात राहत नसणार. ‘मावशी मारत नाहीत’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग डाग कसले?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि डोकं गेलंय हे हिला कळलं, तर ही मला कुठंतरी नेऊन ठेवील. त्या भीतीनं मी गप्प बसलो आणि तुमचा बळी गेला. तेव्हा आता पूर्ण शुद्धीवर सांगतो. तुम्ही मला कधीही मारलं नाही. आवाजसुद्धा चढवला नाहीत. एक अपवाद. मी चहात चौथा चमचा साखर घातली तेव्हा.

मावशी : तेव्हा चढवला होता. पुन्हा घातलीत तर पुन्हा चढवीन.

अण्णा : तेवढं नोंदीत राहू द्या.

ताई : अण्णा, मी तुम्हाला कुठंही नेऊन ठेवणार नव्हते. हे मला का नाही बोललात?

अण्णा : तू दर रविवारी फोन करायचीस. विचारायचीस, ‘पथ्य पाळताय ना?’ मी म्हणायचो, हो. तू म्हणायचीस, ‘शाब्बास.’ मग तुझा दुसरा फोन यायचा. एवढ्यात कुठं बसवू मी ते?

ताई : पण पंधरा दिवसांची चिठ्ठी तुमच्याच फायलीत होती. तुम्हाला तर माहीत होतं.

अण्णा : माहीत होतं ना. सोळाव्या दिवशी सकाळी मी तुझ्या फोनची वाट बघितली. म्हटलं, आता ही पथ्य उठवील. तू म्हणालीस, ‘काटेकोर पाळा हं.’ चिठ्ठी आधीची, तुझा कागद नंतरचा. नंतरचा आदेश असताना आधीचा चालत नाही.

मावशी : अहो, पण विचारायला तोंड नव्हतं का?

अण्णा : तोंड होतं, धाडस नव्हतं. मला वाटलं, दाढा काढताना डॉक्टरांना आणखी काही दिसलं असणार. काहीतरी वाईट. त्यांनी ते हिला सांगितलं असणार, आणि ही मला सांगत नाहीये. म्हणून पंधराचे आठ महिने झाले. म्हटलं, पोरगी एकटी एवढं ओझं घेऊन फिरतेय, आपण निदान पथ्य तरी नीट पाळावं.

ताई : काही नव्हतं, अण्णा. दुसरं काहीसुद्धा नव्हतं. मी फक्त लिहायला विसरले होते.

अण्णा : आता ठाऊक झालं. अगं, रडतेस काय? मी तर खुशीत आहे. मला वाटलं होतं, एक तर मरणार, नाहीतर वेडा होणार. निघालं काय, तर लिंबू कमी पडलं होतं!

मावशी : रडू द्या त्यांना. बारा दिवस धड झोपलेल्या दिसत नाहीत… ताई, भिंतीवरचा तो कागद काढलात का?

ताई : काढला. त्याच दिवशी.

मावशी : मग तिथं दुसरा लावायचा नाही. काय खायचं ते अण्णा आणि मी ठरवू, अडलं तर डॉक्टरीणबाईंना विचारू. आणि मी फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असा नाहीतर आणखी कुठं, आधी माझं पुरतं ऐकून घ्यायचं.

ताई : म्हणजे तुम्ही…

मावशी : लॉन्ड्रीवाल्याला आज निरोप देते. चादरी काही माझ्यावाचून अडून बसायच्या नाहीत. उद्या मात्र यायची नाही मी. उद्या नातीला कडेवर घेऊन बागेत जाणार आहे, दिवसभर. परवा येते. सकाळी साडेसातला.

ताई : मावशी, मला माफ…

मावशी : तो शब्द आत्ता नको. नखांचं चटकन नाही जायचं माझ्या मनातून. कामाला लागले की जाईल हळूहळू. तुम्ही मागे लागू नका.

ताई : नाही लागणार.

अण्णा : माझा एक अर्ज आहे. या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत मला चालून यायचं आहे. बारा दिवसांत घर आणि दवाखाना यापलीकडे काही बघितलं नाही.

ताई : अण्णा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय…

अण्णा : जिने नकोत म्हणून सांगितलंय. कोपऱ्याबद्दल त्या काही बोललेल्या नाहीत.

मावशी : या, या. आधी दोन्ही पाय बाहेर. डोकं सांभाळा, दार लागेल. हं. आता उभे राहा.

अण्णा : राहिलो. अहो, मावशी, अशा हात मागे घेऊन काय उभ्या? धरा ना.

मावशी : कुठं धरू?

अण्णा : दंडाला. नेहमी धरता तसं.

मावशी : दुखलं तर लगेच सांगायचं.

अण्णा : नाही दुखत. चला.